ब्रेक फेल होण्याआधी पायाला काय कळतं

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि वर स्ट्रॉबेरीच्या पेट्या. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि पेडल मऊ लागायला लागलं. एरवी जरा पाय टेकवला की धरणारा ब्रेक आता अर्ध्यावर गेल्याशिवाय धरेना. आणखी दोन वळणं झाली आणि पेडल जवळजवळ तळाला टेकलं. भराभर तीन-चारदा मारल्यावर थोडी पकड आली, तेवढ्यात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून उभी केली. पुढच्या चाकांतून करपल्यासारखा वास येत होता. मागच्या सीटवर माझी आई होती. ती काही बोलली नाही, फक्त खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसली.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा टणक झालं, जणू काही घडलंच नव्हतं. मी ते खरं मानलं नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत पोलादपूर गाठलं आणि हायवेजवळच्या एका छोट्या गॅरेजात गाडी लावली. तिथल्या मेस्त्रींनी चाकाला हातही लावला नाही. आधी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या टाकीत टॉर्च मारला आणि विचारलं, "हे ऑइल शेवटचं बदललं कधी?"

गाडी सात वर्षांची. दरवर्षी वेळेवर सर्व्हिसिंग. बिलं काढून बघितली तर प्रत्येकावर 'ब्रेक ऑइल टॉप-अप'. म्हणजे वरून थोडं ओतलं होतं, बदललं एकदाही नव्हतं. आणि ते बदलायचं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून या विषयात जेवढं शिकता आलं तेवढं शिकलो, काही कामं स्वतःच्या हाताने केली. 'अचानक ब्रेक फेल झाले' असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा ब्रेकने आधी कितीतरी दिवस सांगितलेलं असतं. ते पायाला कळलेलं असतं, पण त्याचा अर्थ लागलेला नसतो.

पायापासून चाकापर्यंत

इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, पाणी भरून सलाइनच्या नळीने जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा तितक्याच तत्परतेने बाहेर येतो, कारण पाणी दाबून लहान होत नाही. आता नळीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. दट्ट्या दाबला तर आधी तो बुडबुडा चेपतो आणि मग पलीकडे थोडीशी हालचाल होते. कारच्या ब्रेकचं सगळं गणित या दोन सिरिंजमध्ये आहे.

तुमच्या पायाचा जोर पेडलच्या तरफेमुळे काही पट वाढतो, मग बूस्टर तो आणखी वाढवतो. बूस्टर म्हणजे मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलकडच्या सिरिंजच्या, मागे दिसणारा काळा गोल डबा. इंजिनातून येणाऱ्या व्हॅक्यूमवर तो चालतो. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथून जोर मास्टर सिलिंडरमध्ये जातो आणि ऑइलच्या दाबातून चार चाकांपर्यंत पोचतो. पुढे बहुतेक गाड्यांना चाकाबरोबर फिरणारी डिस्क असते, तिला कवेत घेणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन पॅड तिच्यावर दाबतो. मागे बऱ्याच गाड्यांना अजून ड्रम आहे, तिथे व्हील सिलिंडर दोन शूज बाहेर ढकलतो आणि शूजवरचं लायनर ड्रमला आतून घासतं.

मास्टर सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्वतंत्र कप्पे असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत सहसा एक कप्पा पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली जोडी. एक पाइप फुटला तरी दुसरी जोडी शिल्लक राहते. मात्र तेव्हा पेडल नेहमीपेक्षा खूप खाली जातं आणि तिथे कुठेतरी धरतं. अशा वेळी घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा. गाडी थांबेल, फक्त अंतर जास्त घेईल.

ऑइल उकळतं म्हणजे काय

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, म्हणून ताशी ४० वरून थांबणं आणि ८० वरून थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. घाटात तर वेग न वाढवताही उष्णता तयार होत राहते, कारण गाडीची उंची कमी होत असते. महाबळेश्वर ते पोलादपूर हा उतार बाराशे मीटरच्या आसपास. माणसं आणि सामान धरून १४०० किलोची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण ५० लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. यातला एक वाटा टायर आणि वारा खातात. उरलेली एक तर इंजिनाने घ्यायची, नाहीतर चाकांमधल्या त्या चार जागांनी. मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. म्हणजे जवळजवळ सगळा भार ब्रेकवरच.

आता ऑइलकडे येऊ. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. चाकाकडे जाणाऱ्या लवचीक पाइपच्या, म्हणजे होजच्या, रबरातून, टाकीच्या झाकणातून, पावसाळ्याच्या दमट हवेतून थोडं थोडं पाणी आत मुरत राहतं. डॉट ४ या प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. तापलेल्या पॅडला लागून असलेल्या कॅलिपरमध्ये घाटात हे तापमान गाठलं जाऊ शकतं. मग ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे सिरिंजमधला तोच बुडबुडा. पाय दाबतो, बुडबुडा चेपतो, चाकापर्यंत काही पोचत नाही.

गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल टणक होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर 'ब्रेक ओके आहेत' असं उत्तर मिळतं, आणि ते त्या क्षणी खरंही असतं. म्हणून घाटात एकदाही पेडल मऊ झालं असेल, तर गॅरेजवाल्याला 'ब्रेक बघा' एवढंच सांगू नका. 'घाटात तापल्यावर पेडल खाली गेलं, गार झाल्यावर परत आलं' असं पूर्ण वाक्य सांगा. त्या वाक्यात निम्मं निदान आहे.

याच्याशी गल्लत होणारी एक वेगळी अवस्था आहे. पेडल टणक आणि वरच आहे, पण कितीही दाबलं तरी गाडी हळू होत नाही आणि करपट वास येतोय. तिथे ऑइल ठीक असतं, पॅडच इतके तापलेले असतात की त्यांची पकड सुटते. दोन्हींवर तातडीचा उपाय एकच, थांबून गार होऊ देणं. पुढची दुरुस्ती मात्र वेगळी.

पेडल काय सांगतं

सपाट रस्त्यावर, गाडी उभी असताना, दोन मिनिटांत बरंच कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते टणक होत जाईल, कारण बूस्टरमधला साठवलेला व्हॅक्यूम संपतो. आता पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर जागा आहे. नाही गेलं आणि चालवतानाही पेडल दगडासारखं लागत असेल, तर दोष बूस्टरमध्ये, त्याच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये किंवा त्या पाइपावरच्या व्हॉल्व्हमध्ये. पेडल दाबताना पायापाशी फुस्स असा आवाज सतत येत राहिला, तर बूस्टरचा पडदा फाटल्याची शंका घ्या. पुष्कळदा मात्र तडकलेला दोन वीत पाइपच निघतो, आणि पूर्ण बूस्टर बदलल्याचं बिल होतं. पाइप आधी बघायला सांगा.

पुढची परीक्षा इंजिन चालू असतानाच. पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा-एक मिनिट तसंच धरा. ते एका जागी थांबलं पाहिजे. हळूहळू, जणू चिखलात पाय रुतावा तसं खाली जात राहिलं, तर दाब कुठून तरी निसटतोय. टाकीतलं ऑइल कमी झालं असेल तर बाहेर गळती आहे. चारही टायरांच्या आतल्या बाजू बघा, मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला हात फिरवा. व्हील सिलिंडर गळत असेल तर तिथे ओलसर, धुळीने चिकटलेला पट्टा दिसतो. टाकीतली पातळी तशीच असेल, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलं आहे आणि ऑइल आतल्या आत मागे परततंय. जमिनीवर एक थेंबही सांडत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो. सिग्नलला उभं असताना पेडल हळूच खाली सरकतंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो भास समजू नये.

पेडल पहिल्यांदा खाली, लगेच दुसऱ्यांदा मारलं तर वर आणि टणक, असं होत असेल तर सहसा मागच्या शूजचं ॲडजस्टमेंट गेलेलं असतं. अशा गाडीचा हँडब्रेकही जास्त वर ओढावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही स्पंजासारखंच लागत राहिलं, तर ऑइलमध्ये हवा आहे.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? तर ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध चाकाचा ब्रेक आधी बघा, कारण तोच सहसा कमी काम करत असतो. ब्रेक न मारताही ओढत असेल, तर उलट. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि रिमजवळ तळहात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये, म्हणजे जाम आहे.

वेगात ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. खरं तर बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. पॅड त्या जाड-पातळ जागांवरून फिरतो आणि धक्का हातापर्यंत येतो. एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर वेगळी. ती पेडलमध्ये, टकटक अशी, आणि फक्त चाक घसरू लागल्यावर येते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे. तेव्हा पाय उचलायचा नाही.

चाक काढल्यावर

नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर माल असतो. तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. दोन एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते, त्याच्या आसपास. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते, माल संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. ती चेतावणी आहे. त्यानंतरचा खरखर घर्रर्र आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड, आणि तिथून पुढे पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च वाढतो. बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. आतला बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो, कारण कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकून अडकतात आणि मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबतो. कोकणात, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात या पिना हमखास गंजतात. त्या काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं की अर्ध्या तासात चाक मोकळं होतं. साधं ग्रीस लावलं तर पिनेवरचं रबर फुगतं.

पॅड आणि शूज नेहमी जोडीने बदलायचे, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना. डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा कोरलेला असतो. लेथवर टर्निंग करून डिस्क त्याखाली जाणार असेल तर टर्निंग नको, नवीन घ्या. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

टाकीतली पातळी उतरली म्हणजे प्रत्येक वेळी गळतीच असते असं नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरतं. हळूहळू, महिन्यांत उतरलेली पातळी हा पॅड बघायचा इशारा आहे. नुसतं वरून ऑइल ओतलं तर तो इशारा पुसला जातो, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकी उतू जाते. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा. आठवड्यात पातळी उतरत असेल, तर मात्र गाडी बाहेर काढू नका.

मला एका गोष्टीचा खरोखर त्रास होतो. कॅलिपर सोडवून तो होज पाइपवर तसाच लोंबकळत ठेवतात. होज बाहेरून धड दिसतो, पण आतलं रबर फाटून त्याची झडप होते. दाब जातो, परत येत नाही, आणि महिन्याभराने ब्रेक जाम होतो. दोन हात सुतळी घेऊन कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधला की प्रश्न मिटतो. गॅरेजात उभे असाल तर एवढं नक्की सांगा.

पोलादपूरचं काम

मेस्त्रींनी आधी टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढलं आणि सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं. उघडी पडून राहिलेली बाटली वापरायची नाही, तिने पाणी आधीच प्यायलेलं असतं. मग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, तिथून सुरुवात केली. त्यानंतर मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघावं. एबीएसच्या युनिटमध्येच हवा शिरली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो.

मला सीटवर बसवलं आणि पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "रोज पेडल जिथपर्यंत जातं तिथपर्यंत सिलिंडर गुळगुळीत आहे. त्याच्या पुढे सात वर्षांचा गंज आहे. तिथपर्यंत रबर नेलंत तर फाटेल, मग मास्टर सिलिंडरही बदला." किती ऑइल-बदलीनंतर पेडल बसतं आणि लोक 'आधी ठीक होतं' म्हणतात, त्याचं कारण मला त्या ठोकळ्यात सापडलं.

चाकापाशी ऑइल बाहेर सोडायची जी निपल असते तिला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं, म्हणजे हवा परत ओढली जात नाही. "दाबा." दाबलं. त्यांनी निपल पाव फेरा उघडली, पाय खाली गेला. "धरून ठेवा." निपल बंद. "सोडा." नळीतून आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग बारीक बुडबुडे, मग फिकट पिवळं. दर सात-आठ दाबांनंतर ते उठून टाकी भरत. ती रिकामी झाली तर हवा वरूनच शिरते आणि सगळं पहिल्यापासून. चार चाकांना मिळून तासभर लागला. साधारण एवढंच काम दर दोन वर्षांनी करायचं असतं.

पुढचे पॅड करपून काचेसारखे चकाकत होते, तेही बदलले. नवीन पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत मारायचं, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय तळाला जातो, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत असे दहा-बारा हलके ब्रेक, मध्ये थोडं अंतर गार व्हायला, आणि पहिले दोनेकशे किलोमीटर शक्यतो जोराचा ब्रेक नको.

आणि घाटातच झालं तर

पेडल भराभर मारा, वाफ किंवा हवा चेपून थोडा दाब तयार होतो. त्याच वेळी एक एक करून गिअर खाली आणा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा 'एल', म्हणजे लो गिअर. हँडब्रेक बऱ्याच गाड्यांत वेगळ्या तारेवर चालतो, ऑइल उकळलं तरी तो शाबूत असतो. त्याचं बटन अंगठ्याने दाबून धरून हळूहळू ओढा, म्हणजे चाक घसरायला लागलं तर सैल करता येतो. एकदम खेचू नका. बटनाचा पार्किंग ब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ओढून धरला की गाडी थांबवतो. चावी बंद करू नका, बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जाते. न्यूट्रल तर नाहीच. दरीपेक्षा डोंगराची बाजू, डांबरापेक्षा माती.

थांबल्यावर चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकू शकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नका, तापलेलं लायनर ड्रमला धरून बसतं. गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि पुढे ज्या गिअरमध्ये गाडी आपोआप वेग घेत नाही त्याच गिअरमध्ये उतरा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघू नये. बॅटरीत जागा नसेल तर मोटर उतारावर गाडी धरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

काम झाल्यावर मेस्त्रींनी गाडी स्वतः चालवून बघितली, मग मला चालवायला लावली आणि आईलाही पुढे बसवलं. तिने ब्रेक लागल्याचा हिसका अंगावर घेतला आणि म्हणाली, "आता परत घाटानेच जाऊ."